मोत्याचे कार्ड कुठे आहे?

दोन वर्षांपूर्वी श्रावणात मी आठवडाभर उत्रोलीला घरी होतो. भाताची लावणी उरकली होती, पाऊस धरून होता आणि कामाच्या धबडग्यातून घर नुकतेच मोकळे झाले होते. मी पोचलो त्याच संध्याकाळी धाकट्या भावाने सांगितले, मोत्या दोन दिवस भाकरीला तोंड लावत नाही. मोत्या म्हणजे आमच्या दारातला कुत्रा. त्याचा आवाज घोगरा झाला होता, खालचा जबडा लोंबल्यासारखा दिसत होता आणि तोंडातून लाळ गळत होती. ‘हाड अडकलं असंल घशात,’ भावजय म्हणाली. ते सगळ्यांनाच पटले. दहावीतल्या पुतण्याने गोठ्यातल्या दिव्याखाली त्याचा जबडा उघडून आत बोटे घातली, चाचपून पाहिले. हाड सापडले नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे मोत्या गव्हाणीशेजारी मरून पडलेला दिसला. भावाने परसात आंब्याखाली खड्डा घेतला आणि उन्हे वर यायच्या आत सगळे आटोपले.

त्याच दुपारी शेजारच्या आळीत एकाची गाय अडली होती म्हणून पशुवैद्यक आले होते. जाता जाता ते आमच्या ओट्यावर चहाला थांबले. कुत्रा गेल्याचे कळल्यावर त्यांनी कप खाली ठेवला आणि तीन प्रश्न विचारले. त्याचे वय किती होते? रेबीजची लस शेवटची कधी दिली? याआधी त्याला कोणा डॉक्टरने कधी तपासले होते का? वय, भाऊ म्हणाला, सहा-सात असेल. लस मागे एकदा शिबिरात दिली होती, पण ती मोत्याला की त्याच्या आधीच्या कुत्र्याला, हे त्याला नक्की सांगता येईना. तिसऱ्या प्रश्नावर तो ओशाळवाणे हसला. ‘धडधाकट कुत्र्याला काय तपासायचं, साहेब?’

डॉक्टरांनी अंगणातल्या मोटारसायकलकडे बोट दाखवले. ‘हिची पीयूसी कधी संपते?’ भावाने क्षणाचाही विचार न करता महिना सांगितला.

डॉक्टर त्यावर काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त एवढेच विचारले की गेल्या आठ-दहा दिवसांत घरातल्या कोणाकोणाचा हात कुत्र्याच्या तोंडाला लागला. लावणीने पुतण्याच्या बोटांना चिरा पडलेल्या होत्या. आई रोज स्वतःच्या हाताने मोत्याला भाकरी भरवीत असे आणि तो तिचे हात चाटीत असे. त्या संध्याकाळी घरातली चार माणसे सरकारी दवाखान्यात लशीच्या रांगेत उभी राहिली. पुतण्याला लशीबरोबर सीरमही टोचावे लागले. गोठ्यातल्या गाईला आणि कालवडीलाही लशी सुरू झाल्या. पुढचा महिना घरातल्या कॅलेंडरवर गोल काढलेल्या तारखांचा गेला. मोत्याला रेबीज होता की नव्हता, हे आम्हाला आजही ठाऊक नाही. ते मेंदूच्या नमुन्याच्या प्रयोगशाळेतील तपासणीतूनच कळले असते आणि त्याची वेळ टळून गेली होती.

दोन कुत्री, एक कुटुंब

ही हकिगत सांगताना मला भावाकडे बोट दाखवायचे नाही. बोट दाखवायचेच तर ते माझ्याकडे वळते. पुण्यात माझ्या मुलीने लॅब्रेडॉर जातीची कुत्री पाळली आहे. तिच्या नावाची एक छापील पुस्तिका आहे. तीत जन्मतारीख, दर भेटीचे वजन, जंताच्या औषधाच्या तारखा, लशींच्या बाटल्यांवरची चिकटवलेली लेबले, असे सगळे क्रमाने आहे. वर्षातून एकदा तिचे दात पाहिले जातात, हृदयाचे ठोके ऐकले जातात, वय वाढले म्हणून हल्ली रक्तही तपासतात. तारीख जवळ आली की दवाखान्यातून फोन येतो. मी वर्षानुवर्षे महिन्याकाठी उत्रोलीला जातो. मोत्यासाठी आठवणीने बिस्किटांचा पुडा नेतो. पण मोत्याचे कार्ड कुठे आहे, हा प्रश्न मी कधी विचारला नाही. तो मला सुचलाच नाही. शहरातला कुत्रा घरातला आणि गावाकडचा कुत्रा दारातला, हा भेद माझ्याही मनात इतका मुरलेला होता.

म्हणूनच हा केवळ अज्ञानाचा किंवा गरिबीचा प्रश्न आहे, असे म्हणून सुटका करून घेता येणार नाही. मोत्याच्या लशीला एखाद्या रविवारच्या मटणाहून अधिक खर्च आला नसता. भाऊ अडाणी नाही. खताच्या मात्रा, बियाण्यांच्या जाती आणि दुधाचे फॅट त्याला तोंडपाठ असते. अडचण वेगळी आहे. आजारी जनावराला दाखवायचे असते, हे आपल्याला पुरते पटलेले आहे. निरोगी दिसणाऱ्या जनावरालाही दाखवायचे असते, हे मात्र अजून आपल्या अंगवळणी पडलेले नाही.

वस्तुतः जनावरांच्या बाबतीत ‘निरोगी दिसणे’ याला फारसा अर्थ नसतो. दुखणे लपवणे हा प्राण्यांचा स्वभावच आहे. कळपात किंवा रानात जो अशक्त दिसतो तो आधी शिकार होतो. हजारो वर्षांच्या या शिकवणीमुळे गाय, शेळी, कुत्रा, मांजर अगदी असह्य होईपर्यंत काही दाखवत नाहीत. कुत्र्याचे किंवा मांजराचे मूत्रपिंड निम्म्याहून अधिक निकामी होईपर्यंत मालकाला पत्ता लागत नाही. गाईच्या कासेत छुपा दाह असतो तेव्हा कास सुजत नाही, दुधात गाठी दिसत नाहीत. फक्त दूध थोडे घटते आणि आपण त्याचे खापर वैरणीवर फोडतो. तपासणाऱ्याने चार सडांचे दूध चार खळग्यांच्या तबकडीत घेऊन त्यात रसायनाचे थेंब टाकले की ज्या सडात दोष असेल ते दूध क्षणात घट्ट होते. एवढ्या सोप्या चाचणीने कास वाचते. पण ती करायची म्हणजे गाय ‘बरी’ असताना करायची, आणि तिथेच आपले घोडे अडते.

शिवाय काळाचे गणितही निराळे आहे. कुत्र्याच्या आयुष्यातले एक वर्ष हे माणसाच्या पाच-सात वर्षांइतके असते. सात वर्षांत मोत्याला एकदाही तपासले नाही याचा अर्थ, एखाद्या माणसाला जन्मापासून चाळिशी उलटेपर्यंत डॉक्टर दिसला नाही असा होतो.

पुण्यात सुरू झालेली गोष्ट

रोग यायच्या आधी त्याच्या मागावर जाणे ही कल्पना आपल्याला परकी आहे असे मात्र नाही. किंबहुना या देशात तिची सुरुवातच पुणे जिल्ह्यात झाली. 1889 मध्ये पुण्यातल्या विज्ञान महाविद्यालयात ‘इम्पीरिअल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी’ स्थापन झाली. पुढे 1893 मध्ये ती हिमालयातल्या मुक्तेश्वरला हलली आणि आजची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था तिच्यातूनच उभी राहिली. त्या काळी गुराढोरांचा सर्वांत मोठा शत्रू होता बुळकांडी. गावात बुळकांडी शिरली की गोठेच्या गोठे रिकामे होत. आमच्या आजोबांच्या पिढीत हा शब्द शिवीसारखा वापरला जाई. कोणाचे वाईट चिंतायचे तर त्याच्या दावणीला बुळकांडी लागो म्हणायचे.

आज हा शब्द माझ्या पुतण्याला ठाऊक नाही. भारतातला बुळकांडीचा शेवटचा प्रादुर्भाव 1995 मध्ये नोंदला गेला, 2006 मध्ये देशाला या रोगापासून मुक्त असल्याची आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली आणि 2011 मध्ये साऱ्या जगातूनच बुळकांडी नाहीशी झाल्याचे जाहीर झाले. माणसाने पृथ्वीवरून समूळ नष्ट केलेले रोग आजवर दोनच, देवी आणि बुळकांडी. यातले मर्म असे की बुळकांडीवर गुणकारी औषध कधीच सापडले नाही. ती गेली लशीने आणि शोधाने. आधी वर्षानुवर्षे दारोदार लस दिली गेली. मग लस थांबवून कर्मचारी गावोगाव, गोठ्यागोठ्यात हिंडले ते रोग नाही ना, हे पाहायला. निरोगी जनावरांच्या त्या कंटाळवाण्या, बिनगाजावाजाच्या तपासण्यांनी एवढा मोठा विजय मिळवून दिला. दुर्दैवाने विजय लक्षात राहिला नाही आणि रीतही विसरली गेली.

दवाखाना आहे, तपासणी नाही

आपल्या पशुवैद्यकीय व्यवस्थेची रचना पाहिली की या विस्मरणाचे कारण कळते. गावपातळीवर जिल्हा परिषदेचे आणि राज्य शासनाचे दवाखाने आहेत. श्रेणी एकच्या दवाखान्यात पदवीधर पशुधन विकास अधिकारी असतो, श्रेणी दोनच्या दवाखान्याचा भार पदविकाधारक पशुधन पर्यवेक्षकावर असतो. ही माणसे काम करीत नाहीत असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. भोरच्या पश्चिमेला हिरडस मावळात किंवा शेजारच्या वेल्ह्यात, ज्याला आता राजगड तालुका म्हणतात तिथे, पावसाळ्यात वाड्या-वस्त्यांवर पोचणे म्हणजे काय असते हे तिकडे गेलेल्यालाच कळेल. ओढा भरला की वाट बंद आणि डोंगरावरच्या धनगरवाड्याला जायचे तर गुडघाभर चिखलातून पायी.

परंतु या दवाखान्यांकडून हिशेब मागितला जातो तो कशाचा? किती जनावरांवर उपचार केले, किती कृत्रिम रेतने झाली, किती लशी टोचल्या याचा. किती निरोगी जनावरे नुसती तपासली, त्यांतून किती आजार वेळीच पकडले, याचा रकाना कोणी आवर्जून पाहत नाही. ज्याचा हिशेब मागितला जात नाही ते काम कालांतराने होईनासे होते, हा कोणत्याही कचेरीचा नियम आहे. ‘दवाखाना’ या शब्दातच दवा आहे. ज्याला दवा नको त्याने तिथे कशाला जायचे, हा भावाचा प्रश्न म्हणूनच अगदीच गैरवाजवी नव्हता.

साथ आली की हीच यंत्रणा काय करू शकते ते आपण 2022 मध्ये पाहिले. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यात लम्पी चर्मरोग दिसला आणि बघता बघता राज्यभर पसरला. जनावरांचे बाजार बंद झाले, शर्यती थांबल्या, गोठ्यागोठ्यातून शेळ्यांच्या देवीची लस टोचली गेली. काही आठवड्यांत राज्यातल्या गोवंशाचा फार मोठा हिस्सा लशीखाली आला. मृत जनावरांसाठी शासनाने मदतही जाहीर केली: दुभत्या गाईला 30 हजार, बैलाला 25 हजार, वासराला 16 हजार रुपये. ही मदत हवीच होती. पण जनावर मेल्यावर त्याची किंमत ठरवणारी आपली व्यवस्था ते जिवंत असताना त्याच्या तपासणीची काय किंमत धरते, हा प्रश्न साथीबरोबरच विरून गेला.

चौकट मात्र तयार आहे. 2019 पासून राष्ट्रीय कार्यक्रमात लाळ-खुरकूतीची लस सहा-सहा महिन्यांनी मोफत दिली जाते. चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना सांसर्गिक गर्भपाताची लस मिळते. जनावराच्या कानात बारा आकडी क्रमांकाचा पिवळा बिल्ला असतो आणि 2024 मध्ये राज्य शासनाने खरेदी-विक्रीसाठी तो सक्तीचा केला. 1962 हा क्रमांक फिरवला की फिरते पशुवैद्यकीय पथक मागवता येते. नीरा ओलांडली की शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे; 1988 पासून तिथे डॉक्टर घडत आहेत. गंमत अशी की नदीच्या अलीकडे पुणे जिल्हा आणि पलीकडे सातारा. जनावराला जिल्ह्याची हद्द कळत नाही, रोगाला तर नाहीच. पण कागदाला ती कळते.

बिल्ला आहे, क्रमांक आहे, लस आहे, महाविद्यालय आहे. नाही ती या सर्वांना जोडणारी सवय. आणि या चौकटीतून एक प्राणी तर जवळजवळ पूर्णपणे निसटला आहे. तो म्हणजे दारातला कुत्रा. तो दूध देत नाही, नांगर ओढत नाही, त्याची कोणी बाजारात खरेदी-विक्री करीत नाही, म्हणून त्याच्या कानात बिल्ला नाही आणि दप्तरात नाव नाही.

जेवताना धनी, चावताना बेवारस

2025 च्या ऑगस्टमध्ये भटक्या कुत्र्यांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गाजला. दिल्ली परिसरातली कुत्री उचलून कायमची निवाऱ्यात ठेवा, असा आदेश आधी झाला. दहा-बारा दिवसांतच तो बदलून, नसबंदी आणि लसीकरण करून रेबीजग्रस्त व आक्रमक कुत्री वगळता बाकीची पुन्हा त्यांच्या जागी सोडावीत, असे ठरले. वर्तमानपत्रांतून आणि दूरचित्रवाणीवरून दोन तट पडले. एक कुत्र्यांच्या बाजूचा, दुसरा माणसांच्या. या वादात उत्रोलीसारख्या हजारो गावांतला कुत्रा कुठेच नव्हता. कारण तो भटकाही नाही आणि शहरी अर्थाने पाळीवही नाही. तो चार घरांत भाकरी खातो, रात्री एका घराची राखण करतो आणि दिवसा शिवारभर हिंडतो. जेवायच्या वेळी त्याला धनी असतो. चावायच्या वेळी तो बेवारस होतो.

या बेवारसपणाची किंमत फार जबर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार रेबीजने जगात दरवर्षी सुमारे 59 हजार माणसे मरतात आणि त्यांतली तिसऱ्या हिश्शाहून अधिक एकट्या भारतात. मरणाऱ्यांत मुलांचे प्रमाण मोठे असते. लक्षणे दिसू लागल्यावर हा रोग जवळजवळ हमखास प्राणघातक ठरतो. त्याआधी मात्र तो हमखास टाळता येतो. 1885 च्या जुलैमध्ये लुई पाश्चर यांनी पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेल्या नऊ वर्षांच्या मुलाला लस दिली, त्याला आता 140 वर्षे उलटून गेली. इतके जुने आणि इतके खात्रीचे साधन हाती असताना माणसे मरावीत, यासारखी लाजिरवाणी गोष्ट नाही. सत्तर टक्के कुत्र्यांना नियमित लस मिळाली तर रोगाची साखळी तुटते, असे शास्त्र सांगते. 2030 पर्यंत कुत्र्यांपासून होणाऱ्या रेबीजचा मृत्यू देशात होऊ नये, असा राष्ट्रीय आराखडा 2021 मध्ये जाहीर झाला आहे. पण सत्तर टक्के कशाचे? ज्या गावात कुत्री किती हेच कोणी मोजलेले नाही, तिथे टक्केवारी काढणार कशी?

येथे दोन गोष्टी स्पष्टपणे नमूद करायला हव्यात, कारण त्या आमच्या घरात कोणाला ठाऊक नव्हत्या. पहिली अशी की रेबीज झालेला प्रत्येक कुत्रा अंगावर धावून येत नाही. पुष्कळदा तो गप्प होतो, जबडा लुळा पडतो, गिळता येत नाही आणि पाहणाऱ्याला वाटते की घशात हाड अडकले. अशा तोंडात हात घालणे म्हणजे विस्तवात हात घालणे. दुसरी अशी की कुत्रा चावला किंवा त्याची लाळ जखमेला लागली तर हळद, चुना, मिरची किंवा तेल लावायचे नाही. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे जखम धुवायची आणि थेट दवाखाना गाठायचा. लशीच्या सगळ्या तारखा पाळायच्या. दोन टोचून झाल्यावर ‘आता बरं वाटतंय’ म्हणून थांबायचे नाही.

जनावराच्या प्रकृतीचा आपल्या प्रकृतीशी असलेला हा धागा केवळ रेबीजपुरता नाही. सांसर्गिक गर्भपाताचे जंतू कच्च्या दुधातून आणि वारेला उघडा हात लागल्याने माणसात येतात आणि महिनोन्‌महिने न उतरणारा ताप देतात. कधी कधी धागा फार लांबून फिरून येतो. गुरांच्या अंगदुखीवर सर्रास टोचल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या औषधाने गिधाडे मरतात, हे 2004 मध्ये सिद्ध झाले. मेलेले ढोर गिधाडांनी खाल्ले की त्यांची मूत्रपिंडे निकामी होत. 2006 मध्ये हे औषध जनावरांसाठी बंद करण्यात आले, तोवर भारतातल्या गिधाडांच्या मुख्य जातींतली नव्वद टक्क्यांहून अधिक पाखरे नाहीशी झाली होती. सह्याद्रीच्या कड्यांवरची घरटी ओस पडली. गिधाडे गेली तेव्हा मढ्यांवर कुत्री वाढली आणि कुत्र्यांबरोबर रेबीजची भीतीही. नीट निदान न करता ‘टोचा एक इंजेक्शन’ म्हणण्याची सवय कुठवर पोचते, याचे याहून भेदक उदाहरण मला माहीत नाही.

शर्यतीचा बैल आणि नांगराचा बैल

यावर काही आक्षेप येतील आणि ते रास्त आहेत. पहिला आक्षेप शेतकऱ्याचा. जनावर घेऊन दवाखान्यात जायचे म्हणजे दिवस मोडतो, रोज बुडतो, टेम्पोचे भाडे पडते. आजारासाठी हे परवडत नाही तर तपासणीसाठी कसे परवडावे? दुसरा आक्षेप डॉक्टरांचा. एका दवाखान्याच्या पदरात इतकी गावे असतात की आजारी जनावरेच पुरी होत नाहीत, त्यात निरोगी आणखी कुठे बघायची? तिसरा आक्षेप अनुभवी माणसाचा. सक्ती केली की तपासणी होत नाही, दाखला होतो.

या तिसऱ्या आक्षेपावर बैलगाडा शर्यतींचे उदाहरण बोलके आहे. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने शर्यती बंद पडल्या. राज्याने 2017 मध्ये कायद्यात दुरुस्ती केली. 2021 च्या डिसेंबरात न्यायालयाने अटींवर परवानगी दिली आणि 2023 च्या मे महिन्यात कायदा वैध ठरला. अटींमध्ये बैलाच्या वैद्यकीय तपासणीची अट आहे. म्हणजे घाटावर काही सेकंद पळणाऱ्या बैलाला तपासणीचा हक्क मिळाला. वर्षभर चिखलणी करणाऱ्या बैलाला तो कोणी दिला नाही, कारण त्याच्यासाठी कोणी न्यायालयात गेले नाही. शर्यतीच्या बैलाची तपासणी कुठे मनापासून होत असेल, कुठे केवळ शिक्का मारण्यापुरती. पण एक गोष्ट त्यातून सिद्ध झाली: ठरवले तर जनावर ‘बरे’ असतानाही डॉक्टरापुढे उभे करता येते.

पहिल्या दोन आक्षेपांचे उत्तर एकच आहे. जनावराने दवाखान्यात जाण्याऐवजी, वर्षातून दोन ठरलेल्या दिवशी तपासणीने गावात यावे. एक पावसाळ्यापूर्वी, घटसर्प आणि फऱ्या यांच्या लशीच्या वेळी. दुसरा दिवाळीच्या सुमारास. लशीसाठी कर्मचारी गोठ्यात येतोच. त्याच खेपेला वजनाचा अंदाज, डोळ्याच्या पापणीचा रंग, दात, खूर, कास, गोचिडांचा प्रादुर्भाव एवढे पाहून दोन ओळी लिहिल्या तर जनावरामागे पाच-सात मिनिटे जातात. त्याच दिवशी गावातली कुत्री-मांजरे चावडीपुढे आणावीत. ग्रामपंचायतीने कुत्र्यांची एक साधी वही ठेवावी: रंग, अंदाजे वय, कोणाच्या दारात असतो, लस कधी. मनुष्यबळाचे म्हणाल तर पशुवैद्यक महाविद्यालयांतले विद्यार्थी आहेत. त्यांना निरोगी जनावराचे शरीर वाचायला शिकायचेच असते. ते शिक्षण शिक्षकांच्या देखरेखीखाली आसपासच्या तालुक्यांच्या गोठ्यांत व्हावे. जिल्ह्याची हद्द त्याच्या आड येऊ नये.

अशा दिवसासाठी नवा सण काढण्याची गरज नाही. आपल्याकडे तो आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी असते. कुठे पोळा श्रावणात, कुठे भाद्रपदात, कृष्णाकाठी आषाढातच बेंदूर. पण रीत सारखी. बैलाला नदीवर नेऊन घासून धुवायचे, हळद-तुपाने त्याचे खांदे मळायचे. लहानपणी मला तो नुसता लाड वाटे. आता कळते की ती तपासणी होती. वडील खांदा मळताना बोटांनी दाबून बघत. कुठे गाठ आहे, कुठे जू घासून कातडे सोलले आहे, कुठे हात लावताच बैल अंग चोरतो. पाय उचलून खूर पाहत, शेपटीखाली गोचीड पाहत. पुरणपोळी त्यानंतर असे. आज ट्रॅक्टर आला, बैल थोडे उरले आणि पोळ्यात उरली ती झूल, शिंगांचा रंग आणि मिरवणूक. सणातली नजर गेली, शोभा राहिली. ती नजर परत आणायची आणि तिच्या जोडीला डॉक्टरचे ज्ञान द्यायचे, एवढेच करायचे आहे.

आमच्या घरातल्या सगळ्यांच्या लशी पुऱ्या झाल्या, सारे सुखरूप आहेत. शेवटची सुई घेऊन आल्यावर आई ओट्यावर बसली होती. ती मला म्हणाली, ‘मला या वयात पाच टोचल्या. त्याला एक टोचली असती तर बरं झालं असतं नव्हं?’ मला उत्तर देता आले नाही.

गेल्या वर्षी भावाने नवे पिल्लू आणले. त्याचेही नाव मोत्याच आहे. आमच्याकडे नावे बदलत नाहीत. तीन महिन्यांचे झाल्यावर भाऊ स्वतः त्याला पिशवीत घालून मोटारसायकलवरून दवाखान्यात घेऊन गेला. त्याचे कार्ड आता मधल्या खोलीत कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवलेले आहे, त्याच खिळ्याला गाईच्या बिल्ल्याचा क्रमांक लिहिलेला कागद आणि गाडीची पीयूसी. परवा मी गेलो तेव्हा बिस्किटांचा पुडा आईच्या हाती दिला आणि आधी त्या खिळ्याशी गेलो. पुढची तारीख अजून दोन महिने लांब होती. ती मी माझ्या वहीत लिहून घेतली.